वैशाखातील पिंपळगाव माळवी

सावेडी हे आज नगर शहराचे गजबजलेले उपनगर झाले असले, तरी शहराची हद्द ज्या काळी वेशींच्या आतच संपत असे त्या काळी ते माळावरचे एक स्वतंत्र गाव होते. आणि त्याच्याच शिवारात, निजामशाहीच्या अमलात, एका विस्तीर्ण बागेच्या मध्यभागी तलाव बांधून त्या तलावाच्या पोटात एक अष्टकोनी महाल उभारण्यात आला होता. भिस्तबाग महाल म्हणून आम्ही सावेडीकर ज्या भग्नावशेषास ओळखतो तो हाच. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या मुलखात वर्षाकाठी पाऊस पडतो तो सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर. अशा ठिकाणी तलावाच्या मध्यभागी निवास करण्याची आकांक्षा बाळगावी, आणि ती पुरी करण्यासाठी कापूरवाडी-वडगावसारख्या उंचवट्यांवरील पाणी केवळ उताराच्या बळावर खापरी नळांतून कोस-दोन कोस चालवीत आणावे, हे त्या काळच्या स्थापत्यविशारदांचे असामान्य कर्तृत्व म्हटले पाहिजे. आज त्या महालाभोवतीची तलावाची जागा कोरडी आहे. शहराचे पाणी मुळा धरणातून विळदमार्गे वसंत टेकडीवर येते आणि तेथून नळांनी घरोघर पोचते. म्हणजे सावेडीत पाणी मुबलक वापरले जाते, पण डोळ्यांनी दिसत नाही. ज्याला उघडे पाणी पाहावयाचे आहे, आणि त्या पाण्याच्या आश्रयाने जगणारे जीव पाहावयाचे आहेत, त्याने पहाटेच्या अंधारात शेंडी गावाच्या दिशेने निघावे आणि पिंपळगाव माळवीचा तलाव गाठावा.

मी तेथे वैशाखात जातो. पक्षी पाहावयाचे तर हिवाळ्यात जावे, असा सार्वत्रिक संकेत आहे, आणि तो निराधार नाही. मार्गशीर्ष-पौषात उत्तरेकडून आलेल्या बदकांचे थवे या तलावावर उतरतात, पट्टकादंब हंस येतात, चक्रवाक येतात, आणि दुर्बीण घेऊन बांधावर उभ्या असलेल्या मनुष्याला कोठे पाहू आणि कोठे नको असे होऊन जाते. परंतु हे सारे पाहुणे होत. फाल्गुन सरता सरता ते हिमालयापलीकडच्या आपल्या मुलखाकडे परत फिरतात, आणि तलाव आटू लागला म्हणून त्यांचे काही अडत नाही. वैशाखात जे मागे राहतात त्यांना जाण्यासाठी दुसरा मुलूख नाही. त्यांची तहान, त्यांची विणीची घाई, त्यांच्या पिलांचे जगणे-मरणे ही सारी त्या आटत चाललेल्या पाण्याशी बांधलेली असतात. आणि एखाद्या जलाशयाचे खरे मोल काय, हे तो तुडुंब भरलेला असताना नव्हे, तर त्याचा विस्तार एक चतुर्थांशावर आला असता कळते, अशी माझी दृढ धारणा झाली आहे.

शेंडी मागे टाकून रस्ता उत्तरेस वळला की उजाड माळ सुरू होतो, आणि उजाडता उजाडता क्षितिजावर गोरक्षनाथ गड आणि मांजरसुंबा यांच्या निळसर आकृती स्पष्ट होऊ लागतात. भूगोलाच्या दृष्टीने ही जागा फार महत्त्वाची आहे. पलीकडे डोंगरगणच्या घाटातून उतरणारे पाणी मुळेला, मुळेतून प्रवरेला आणि प्रवरेतून गोदावरीला मिळते. अलीकडे पिंपळगाव-जेऊरच्या बाजूस पडणारे पाणी सीनेत जाते, सीना भीमेस मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे या माळावर एकाच सरीतले दोन थेंब हातभर अंतरावर पडले, तर त्यांतला एक राजमहेंद्रीच्या बाजूने आणि दुसरा विजयवाड्यावरून समुद्राला जाऊन मिळावा, अशी ही भूमी आहे. सीनेच्या उगमाकडील ओढ्यांचे पाणी अडवून ब्रिटिश अमदानीत हा तलाव बांधण्यात आला तो नगर शहराला पाणी पाजण्यासाठी. आणि मुळेचे पाणी येईपर्यंत त्याने ती चाकरी केली. शहराने नवे पाणी आणले आणि जुन्या तलावाकडे पाहणे सोडून दिले. त्याची मालकी नगरपालिकेच्या दप्तरात राहिली, त्याचा उपयोग मात्र गावच्या गुराढोरांकडे, भोयांच्या जाळ्यांकडे आणि पाखरांकडे आला.

बांधावर पोचलो तेव्हा पूर्व नुकतीच तांबूस झाली होती. भर पावसाळ्यानंतर ज्या ठिकाणी पाण्याची कड असते तेथून आताचे पाणी पुष्कळ लांब गेलेले होते, आणि मधल्या साऱ्या पट्ट्यात तलावाचे तळ उघडे पडले होते; काठालगत वेडी बाभूळ आणि बेशरमीची झुडपे, त्यानंतर कापून नेलेल्या गाळपेराची धसकटे, त्यानंतर भेगाळलेली काळी माती, आणि अगदी पाण्याजवळ अजून ओला असलेला, पाऊल टाकताच घोट्यापर्यंत रुतविणारा चिखल. पाणी ज्या क्रमाने मागे सरत गेले तो क्रम या पट्ट्यांवर महिन्यांच्या हिशेबाने लिहिलेला असतो, आणि प्रत्येक पट्ट्यावर निराळ्या जीवांचा अंमल असतो. धसकटांत चंडोल, भेगाळलेल्या मातीवर टिटव्या, चिखलात तांबड्या लांब पायांचे शेकाटे, आणि उथळ पाण्यात, एकेक पाऊल मोजून टाकीत, चित्रबलाक.

विणीच्या काळात पाखरांच्या अंगी जे तेज येते ते हिवाळ्यात पाहणाऱ्यास कधी दिसत नाही. एरव्ही मातकट वस्त्रात काठावर नकळत बसून राहणारा वंचक या दिवसांत पाठीवर गर्द किरमिजी पिसांचा शेला पांघरून बसतो. गायबगळ्याची मान आणि माथा केशरी होतात. टिबुकलीच्या मानेला असा तांबूस-तपकिरी रंग चढतो की पहाटेच्या तिरप्या उन्हात ती पाण्यातून वर आली म्हणजे तिच्या मानेवरून ओघळणारे पाणीसुद्धा क्षणभर त्याच रंगाचे भासते. छायाचित्र घेणाऱ्याने हे सारे साडेआठ-नऊच्या आत टिपून घ्यावे लागते. त्यानंतर तापलेल्या मातीवरून हवेच्या लाटा वर उठू लागतात, पाण्याच्या पलीकडची पाखरे कमरेपासून खाली विरघळल्यासारखी दिसतात, आणि लांब पल्ल्याची लेन्स कितीही मोलाची असली तरी त्या मृगजळातून तिला स्वच्छ प्रतिमा मिळत नाही.

ज्या पाखरासाठी मी खास आलो होतो ते पखुर्डी. पारव्याएवढे, मातीच्या रंगाचे, माळावर दोन ढेकळांच्या मध्ये बसले तर चार हातांवरून दिसणार नाही असे हे पाखरू दिवसभर कोरड्या रानात कोरडे बी टिपून राहते. त्या अन्नात ओलावा नसल्यामुळे पाण्यावर येण्यावाचून त्याला गत्यंतर नसते, आणि येण्याचा त्याचा समय सूर्योदयानंतर दीड-दोन तासांचा, जवळजवळ ठरलेला. त्या वेळेपूर्वी आपण आडोशात जाऊन बसलेले असलो तरच काही पाहता येईल. बाभळीच्या फांद्या आणि जुने गोणपाट यांचा एक आडोसा पाण्यापासून बऱ्याच अंतरावर आदल्या दिवशीच करून ठेवला होता, म्हणजे पाखरांना तो ओळखीचा व्हावा. पुरते उजाडण्याआधीच मी त्यात शिरलो आणि कॅमेरा जमिनीलगत लावून पालथा पडून राहिलो. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लोथर यांनी हिंदुस्थानातील पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा जो अनुभव सांगितला आहे, त्या काळच्या जड कॅमेऱ्यांचा आणि काचेच्या तबकड्यांचा विचार केला, तर आज आमच्या हाती असलेली साधने अतिशय सुलभ होत. सुलभ झालेले नाही ते एकच: बसून राहणे.

प्रथम आवाज आला. दोन अक्षरी, कंठातून निघणारा, उडताना सतत चाललेला असा तो आवाज उत्तरेकडून जवळ आला, आणि टोकदार शेपट्यांचा एक लहानसा थवा तलावावरून वर्तुळ घेऊन पुन्हा माळाकडे निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेस ती पाखरे उतरली, पण पाण्याशी नव्हे. पाण्यापासून पंचवीस-तीस पावलांवर भेगाळलेल्या मातीत ती उतरली आणि माना उंच करून निश्चल उभी राहिली. ससाणा आहे की काय, कोल्हा आहे की काय, मनुष्य आहे की काय, याचा तो तपास होता. मग एक नर पुढे झाला. त्याच्या छातीवरची बारीक काळी रेघ आणि पोटाचा गडद तपकिरी रंग मला आता स्पष्ट दिसत होता. आणि तो निघाल्याबरोबर सारा थवा तुरुतुरु चालत पाण्याच्या कडेला येऊन एका ओळीत उभा राहिला. पिणे आटोपण्यास त्यांना फार तर दहा-पंधरा सेकंद लागले. माद्या उडाल्या. परंतु दोन नर मागे राहिले. ते पाण्यात आणखी चार पावले आत गेले, पोटाची पिसे फुलवून त्यांनी आपले अंग पाण्यावर टेकले, शेपट्या वर उचलल्या, आणि डाव्या-उजव्या अंगाने ते हळूहळू डोलू लागले. माद्यांनी पाच घोटांत आपली तहान भागविली होती. हे नर मात्र त्या उघड्या, धोक्याच्या जागी मिनिटांमागून मिनिटे तसेच डोलत बसून राहिले. अखेरीस उठले तेव्हा त्यांची पोटे काळी दिसत होती आणि पिसांच्या टोकांवरून थेंब गळत होते. मी घेतलेल्या चित्रांपैकी एकात असा एक थेंब पोटापासून सुटून पाण्याला अजून न पोचलेला असा उतरला आहे.

ते पाणी पिलांसाठी असते. माळावर कोठेतरी ढेकळाच्या सावलीला बसलेली पिले, अंड्यातून निघताच चालू लागणारी पण उडू न शकणारी, बापाच्या पोटाखाली शिरतात आणि ओली पिसे चोचीत धरून चोखतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मीड-वॉल्डो या इंग्रज पक्षिपालकाने आपल्या पिंजऱ्यातील पखुर्ड्यांत हा प्रकार पाहून प्रसिद्ध केला तेव्हा पुष्कळ विद्वानांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. १९६७ साली केड आणि मॅक्लीन या दोघा संशोधकांनी कालाहारीच्या वाळवंटातील पखुर्ड्यांचे निरीक्षण करून ती गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. नराच्या पोटावरील पिसांचे सूक्ष्म तंतू कोरडे असताना पीळ घालून पिसाशी चिकटलेले असतात. पाण्याचा स्पर्श होताच ते पीळ सोडून उभे राहतात, आणि त्यांच्या दाटीत पाणी अडकून राहते. त्या आफ्रिकी जातीचा नर अशा रीतीने वीस-पंचवीस मिलिलिटर पाणी उचलतो, आणि उडताना वाऱ्याने त्यातले काही सुकले तरी उरलेले पिलांपर्यंत पोचवतो. आमच्या सावेडीच्या घरात दात घासताना जेवढे पाणी नळाखाली वाहून जाते त्याच्या पुढे हे प्रमाण नगण्य होय. पण माळावरच्या त्या पिलांचा सबंध दिवस त्यावर निभतो.

ऊन चढल्यावर आडोशातून बाहेर आलो तेव्हा बांधाखाली मेंढरे पाण्यावर उतरत होती, आणि त्यांच्या मागून काठीवर भार देत एक वृद्ध मेंढपाळ येत होते. मी पालथा पडून काय करीत होतो हे त्यांनी लांबून पाहिले असावे.

"पखुर्ड्या बघत व्हता का साहेब?" त्यांनी विचारले.

"हो बाबा. रोज येतात का इथे?"

"येत्यात ना. आता पानी हाय कुठं दुसरीकडं? पर लई भेदरट पाखरू. मेंढराला भीत न्हाई, कुत्र्याला बी येवढं भीत न्हाई, पर मानूस उभा दिसला का वरच्यावर फिरतंय अन् तसंच माघारी जातंय."

"मग पुन्हा येतात ना दिवसभरात?"

"एकदा ऊन झालं का न्हाई येत. तसंच ऱ्हातंय उपाशी."

उपाशी हा शब्द त्यांनी तहानेसाठी वापरला, आणि तो मला फार योग्य वाटला. पखुर्ड्या पुष्कळदा सायंकाळीही पाण्यावर येतात हे खरे. परंतु सकाळची फेरी हुकली तर मधल्या उन्हाच्या प्रहरात त्यांच्या पिलांचे काय होत असेल, याचा विचार करणाऱ्यास त्या म्हाताऱ्या मेंढपाळाच्या बोलण्यात अतिशयोक्ती आढळणार नाही. अलीकडे सुटीच्या दिवशी या काठावर मोटारी येतात, लोक हौसेने कॅमेरे घेऊन थेट पाण्याच्या कडेपर्यंत चालत जातात. त्यांच्या मनात पाखरांविषयी द्वेष नसतो, किंबहुना प्रेमच असते. परंतु ते तेथे उभे आहेत तोवर माळावरून आलेला प्रत्येक थवा वर्तुळ घेतो आणि परत फिरतो, आणि उभे राहणाऱ्याला बहुधा हे दिसतही नाही, कारण त्याची दृष्टी पाण्यावर खिळलेली असते.

येथे मला एका पुरुषाचे स्मरण होते. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक हे १८४६ साली नगरास आले आणि पुढे नेवासे तालुक्यातील वडाळा येथे दीर्घकाळ राहिले. धर्मप्रचाराचे आपले काम सांभाळून या गृहस्थांनी येथील पाखरांचा, शंखशिंपल्यांचा असा काही आस्थेने अभ्यास केला की १८७६ साली ॲलन ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात त्यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव यांच्याबरोबर अहमदनगरच्या आसपासच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. ज्या ह्यूमसाहेबांचे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे जाणतो, तेच हे पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम. दक्षिणेतील पळणी डोंगरांत राहणाऱ्या एका कस्तुरासारख्या पाखराच्या शास्त्रीय नावात फेअरबँक यांचे नाव आजही जतन झालेले आहे. त्या पिढीच्या अभ्यासकांना पाखरू हाती घेतल्यावाचून ओळखता येत नसे, म्हणून त्यांच्या याद्या बंदुकीने मिळविलेल्या नमुन्यांवर उभ्या आहेत. याबद्दल त्यांना दोष देणे हा अन्याय होईल. त्यांच्या हातची बंदूक जाऊन आमच्या हाती कॅमेरा आला, आणि ही प्रगती आहे यात मला यत्किंचितही संशय नाही. परंतु कॅमेऱ्याने पाखरू मरत नाही, म्हणून त्याने पाखराला इजाच होत नाही, असे जे समजले जाते ते मात्र वैशाखातल्या तलावावर खरे ठरत नाही.

याचे प्रत्यंतर टिटवीच्या घरट्याशी येते. घरटे म्हणावयाचे ते केवळ सवयीने. गाळपेराच्या वरच्या अंगाला, खडे-ढेकळांनी भरलेल्या उघड्या जमिनीत एक उथळ खळगा, त्याच्या कडेने मांडलेले थोडे खडे, आणि आत चार अंडी, निमुळती टोके मध्यभागी आणून ठेवलेली, मातकट रंगावर काळे ठिपके असलेली. मी ते घरटे बांधावरून दुर्बिणीने पाहिले आणि बांधावरच बसून राहिलो. सकाळी मादी अंड्यांवर बसली होती. दहाच्या सुमारास ती उठून उभी राहिली, आणि पंख किंचित उघडून, सूर्याकडे पाठ करून, आपल्या देहाची सावली अंड्यांवर पडेल अशी उभी राहिली. रात्री ज्या अंड्यांना ऊब द्यावयाची त्यांना दिवसा उन्हापासून वाचवावयाचे, असे हे व्रत आहे. काही वेळाने नर आला. तो सरळ घरट्याकडे आला नाही. आधी पाण्याकडे गेला, उथळ पाण्यात बसून त्याने पोटाची पिसे भिजवून घेतली, मग थोडे चालून, थोडे थांबून, उगाच इकडे तिकडे टिपल्याचा बहाणा करीत तो घरट्यापाशी पोचला. मादी बाजूस झाली आणि तो ओल्या पोटानिशी अंड्यांवर बसला. मादी निघाली ती पाण्याकडे. भर दुपारपर्यंत त्यांच्या या पाळ्या अव्याहत चालू होत्या, आणि ऊन जसजसे चढले तसतसे त्यांतील अंतर कमी होत गेले.

टिटवीदेखील समुद्र आटविते, अशी आपल्याकडे म्हण आहे. समुद्राशी वैर धरणाऱ्या त्या कथेतल्या टिटवीपेक्षा ओंजळभर पाणी पोटावर वाहून आणून चार अंडी थंड ठेवणारी ही टिटवी मला अधिक थोर वाटते. आता या घरट्याशी कोणी छायाचित्रासाठी जाऊन उभा राहिला तर काय होते? दोन्ही पाखरे उठतात, डोक्यावरून आक्रोश करीत घिरट्या घालतात, लंगडत चालून आपल्याकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न करतात. पाहणाऱ्याला ते दृश्य मोठे नाट्यमय वाटते आणि चित्रेही उत्तम मिळतात. तेवढा वेळ अंडी उघडी असतात. वैशाखातल्या दुपारी त्याच जमिनीवर आपला तळहात टेकवून पाहावा; तो तेथे ठेवता येत नाही. छायाचित्रांच्या स्पर्धांतून घरट्यांची चित्रे नाकारण्याची प्रथा आता रुजू लागली आहे, आणि हा निर्बंध कोणाच्या लहरीतून आलेला नसून त्या तापलेल्या जमिनीतून आलेला आहे.

दुपार मी बाभळीखाली काढली. त्या वेळी तलावावर हालचाल अशी फारशी नव्हती. एक नदी सुरय पाण्याच्या मध्यभागावरून येरझारा घालीत होता, आणि कवड्या धीवर हवेत एकाच जागी पंख फडफडवीत थांबून पाण्यात उडी घेत होता. खाली चिखलाच्या कडेला बेडूक नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून पडले होते, आणि पाऊल वाजताच बुडी न मारता पाण्याच्या पृष्ठावरून टणाटण उड्या मारीत दूर जात होते. एका दिवडाने त्यांतला एक उचलला. मरळ माशांच्या हालचालीने गढूळ पाण्यात मधूनच वर्तुळे उठत. हा मासा वर येऊन हवा घेऊ शकतो म्हणून आटत्या, श्वास कोंडविणाऱ्या पाण्यातही तो टिकाव धरतो, आणि भोयांनाही हे ठाऊक असते. कासवे तर एव्हाना गाळात खोल शिरून आषाढाची वाट पाहत असतील. वरून निर्जीव दिसणारे ते भेगाळलेले तळ, त्याच्या पोटात किती जीव पुढच्या पावसापर्यंत निजून आहेत याची गणना कोणी करावी?

आणि नेमक्या याच दिवसांत गाळ काढण्याची यंत्रे तलावात उतरतात. २०१७ साली राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली, आणि तिच्या उपयुक्ततेविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. जुन्या तलावांची साठवण गाळाने निम्म्यावर यावी आणि शेजारच्या मुरमाड शेतांना तोच सुपीक गाळ मिळू नये, हे दुष्काळी जिल्ह्यास परवडणारे नाही; ज्या नगर तालुक्यात हिवरे बाजारसारखे गाव पाण्याचा ताळेबंद मांडून सुखी झाले, तेथे हे निराळे सांगावयास नको. परंतु गाळ काढण्याला सोयीचा जो काळ, चैत्रापासून मृगापर्यंतचा, तोच टिटव्यांच्या आणि शेकाट्यांच्या विणीचा काळ आहे, आणि यंत्र ज्या उघड्या पट्ट्यावरून आत जाते त्याच पट्ट्यावर त्यांची अंडी असतात. दुसरी गोष्ट अशी की यंत्राने काठ उभा कापला, तर पाणी वाढते खरे, पण पाण्यापर्यंत चालत जाण्याचा सौम्य उतार नाहीसा होतो. आणि पखुर्डीला, शेकाट्याला, वंचकाला, मेंढराच्या कोकरालासुद्धा, दहा हात खोल पाण्याचा उपयोग नाही, त्यांना बोटभर पाण्याचा काठ लागतो. या दोन्ही अडचणींवर उपाय कठीण नाहीत आणि खर्चाचे तर मुळीच नाहीत. खोदाई मध्यभागापासून सुरू करावी; तलावाची निदान एक बाजू, शक्यतो माळाकडची, उतरती आणि अस्पर्शित राखावी; आणि यंत्र आत नेण्यापूर्वी गावच्या मेंढपाळाला बरोबर घेऊन त्या पट्ट्यावरून एक फेरी मारावी. घरटी कोठे आहेत हे त्याला ठाऊक असते. त्या म्हाताऱ्या बाबांनी मला बोट दाखवून तीन जागा सांगितल्या होत्या, आणि तिन्ही बरोबर निघाल्या.

तेव्हा नगरच्या, विशेषतः सावेडीच्या, माझ्या कॅमेराधारी मित्रांना माझी विनंती आहे की पिंपळगाव माळवीस, कापूरवाडीस, भातोडीस अवश्य जावे, आणि उन्हाळ्यातच जावे. पण सूर्योदयानंतरचे पहिले तीन तास पाण्याच्या कडेला उभे राहू नये, आडोशात बसावयाचे तर अंधारात जाऊन बसावे आणि थवे उठून गेल्यावरच बाहेर यावे, आणि अंडी दिसली तर चित्र न घेता मागे फिरावे. आणि ग्रामपंचायतीच्या, महापालिकेच्या, गाळाचे काम पाहणाऱ्या साऱ्या मंडळींना विनंती अशी की खोदाईच्या हद्दीत टिटवीचे घरटे आढळले, तर चार दगड रचून ती जागा दाखवून ठेवावी आणि यंत्र तेवढी बाजू सोडून चालवावे. टिटवीची अंडी फुटण्यास चार आठवडे लागतात, आणि पिले त्याच दिवशी चालू लागून ती जागा मोकळी करून देतात.